शेऱ्याचा रकाना

बुधवारी लसीचा निळा डबा खांद्याला लावून
मी शिरसवाडीची वगळ ओलांडते.
ती पुढं मांजरेला मिळते म्हणतात.
मिळताना मी पाहिलेली नाही;
दिवाळी सरली की तिचा धागा तुटतो
आणि उरतात डबकी,
भांडण झालेल्या जावांसारखी शेजारी-शेजारी.

पहिल्या डबक्यावर निवळ्या.
पाण्यावर उभ्या राहतात अन् ओल्या होत नाहीत.
पाय केसाएवढे, पण सावल्या जाड:
तळाच्या वाळूवर कुणी काळी नाणी सरकवतंय
असं वाटतं.
मी डबा खाली ठेवते.
बर्फाला घाई असते. मला दोन मिनिटं नसते.

काठाला माका, लव्हाळा,
वाळून खुळखुळणारा तरोटा,
आणि केना. त्याचं निळं फूल सकाळचंच;
दुपारी मी परतते तेव्हा
तिथं नुसतं ओलं, मिटलेलं काहीतरी.

हे कुठं लिहायचं?
घरी वही नव्हती असं नाही, पण रजिस्टर हाताशी होतं
आणि शेऱ्याचा रकाना कायम मोकळा.
'गोवर, दुसरा डोस दिला'च्या शेजारी
मी लिहिलं: 'टाचणी, लाल, जोडीनं, शेपूट पाण्यात.'
तालुक्याच्या साहेबांनी तपासणीत विचारलं,
सिस्टर, ही टाचणी कुणाची मुलगी?

सुंद्राबाईच्या शेळ्या तिथंच चरतात.
तिनं रुईचं पान उलटून अळी दाखवली,
पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची.
"हिला पाखरू शिवत न्हाई. इख पिऊन बसलीया,
अन् नटलीय बघा कशी."

करंजाच्या मुळाशी, दरडीच्या आडोशाला
फुफाट्यात बोटानं दाबल्यासारखे खड्डे.
एकात मुंगी घसरली.
चढली. तळातून माती उडाली. घसरली.
मग मुंगी नव्हती.
मी विचारलं, ह्याला काय म्हणता तुम्ही?
"नाव कशाला? हाक मारल्यावर येतोय व्हय त्यो?"

चैत्रात पोकलेन आलं.
नारळ फुटला, पेढे वाटले,
अकरा दिवसांत वगळ सरळ झाली,
तेल लावून भांग पाडल्यासारखी.

खोटं कशाला लिहू?
त्या साली माघ संपेतो पाणी उभं होतं.
हापशाला जोर आला, बायांच्या दोन खेपा वाचल्या,
जुलाबाच्या पुड्या माझ्याकडं शिल्लक पडल्या.
हे मी आधी लिहिलं.
मग त्याच्याखाली:
माका नाही. केना नाही.
रुई एक, वर बांधाला.
टाचणी,
आणि पुढं जागा सोडली.

शेळ्यांना खाली उतरता येईना.
सुंद्राबाई वरूनच बघत राहिली, बराच वेळ.
"पानी लय हाय," म्हणाली,
"पर त्येला कडच न्हाई ठिवली."

यंदा फाल्गुनात उभ्या मुरमाच्या भिंतीला,
जिथं बकेटच्या दातांचे ओरखडे आहेत,
वेड्या राघूंनी भोकं पाडली.
एक तारेवर बसला होता,
चोचीत आडवा धरलेला चतुर
तारेवर आपटत, एकदा, दोनदा.
म्हणजे चतुर आहेत.
दिसले मला नाहीत, त्याला दिसले.
हे त्याच्या नावानं लिहिलं.
टाचणीपुढची जागा अजून तशीच आहे.

बर्फ पाण्यावर आला होता. डबा उचलला.
आज चार बाळं. त्यातलं एक सुंद्राबाईची नात,
दीड महिन्याची, मूठ आवळून झोपलेली.
सुई लागली तशी सगळी वाडी जागी केली तिनं.
मी रजिस्टर उघडलं,
नाव विचारलं.
"ठिवू की," सुंद्राबाई म्हणाली,
"हाकंला ओ द्यायला लागू द्या आधी."