गुरुवारची फेरीबोट

तवसाळच्या धक्क्यावर सकाळी आठच्या फेरीला
मी, विशाखा, आणि मध्ये कृपा,
मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून.
तिकीट फाडणारा हल्ली कुठे म्हणून विचारत नाही.
गुरुवार म्हणजे रत्नागिरी.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
बिघाड मला कानाने कळतो:
नोझल, पंप, की डिझेलमध्ये नुसतंच पाणी शिरलंय.
हिच्याकडे कान लावून लावून मी थकलो.

सहा वर्षांची पोर घरी आली
आणि पंधराव्या दिवशी तिची उशी मुंग्यांनी काळी झाली.
आत भाकरीचे तुकडे, मूठभर सुकट,
अर्धं केळं, गणपतीतली करंजी.
विहिरीवर अभ्रा घासता घासता विशाखा म्हणाली,
मी हिला उपाशी ठेवते का हो?

जवळ घ्यावं तर अंग वल्हं होऊन जायचं.
रात्री उठून दाराची कडी तपासायची,
आणि एकदा, अगदी साध्या आवाजात,
"परत कधी सोडणार?"

शेजारची सगुणाकाकू कौतुकाने बोलून गेली,
"नशीबवान गो पोर तुजी, देवाचीच कृपा."
कृपा खांबाआडून ऐकत होती.
एवढ्याशा खांद्यांवर लोक केवढं नशीब ठेवतात.

सरकारी दवाखान्यात जंताची गोळी मिळाली.
गुरुजी म्हणाले, वेळ द्या. किती, ते नाही म्हणाले.
देवळात गाऱ्हाणं घातलं.
संस्थेत फोन लावला, तर कागदपत्रं पूर्ण आहेत म्हणाले.
शेवटी आशाताईने डोसाच्या कार्डामागे
एक नंबर लिहून दिला, पेन नव्हतं म्हणून काजळाच्या पेन्सिलने.

रेंज फक्त वर सड्यावर.
करवंदीच्या जाळीशी उभा राहून, वाऱ्यात ओरडत,
न पाहिलेल्या बाईला मी म्हणालो,
"बिघाड कुठे आहे तेवढं सांगा."
पलीकडून शांतपणे उत्तर आलं,
"बिघाड नाही. तुम्ही तिघंही या."

औषधांच्या दुकानावरचा मजला. शमीम मुकादम, समुपदेशक.
खोलीत लाकडी पेटी, पेटीत वाळू.
मला हसूच आलं.
दारात एवढी पुळण सोडून
फेरीबोट, एसटी, अर्धा दिवस बुडवून
पेटीतली वाळू बघायला आलो होतो!
कृपाने पहिल्या दिवशी एक बाहुली पुरली.
दुसऱ्या गुरुवारी तीच बाहुली, आणखी खोल.
मी उकरायला हात पुढे केला,
मॅडमनी नुसती मान हलवली.

डबा त्यांनीच सुचवला.
तिचा एकटीचा, कधी रिकामा न होणारा,
तिने न मागता भरायचा,
किती खाल्लंस म्हणून मोजायचं नाही.

चौथ्या गुरुवारी कृपा बाहेर ताईपाशी चित्रं काढत होती
आणि मॅडम माझ्याकडे वळल्या.
"आणि तुमच्या मनात काय आहे?"
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी पंख्याकडे बघत राहिलो. त्याचं बेअरिंग गेलं होतं.
मग म्हणालो, एका रात्री वाटलं होतं,
परत नेऊन सोडावी.
आता विशाखा उठून जाणार, असं वाटलं.
ती म्हणाली, "मला दोनदा वाटलं."
मॅडमनी पाण्याचे दोन ग्लास पुढे सरकवले.
वाईट आहात असं त्या म्हणाल्या नाहीत,
चांगले आहात असंही नाही.

येताना जयगडच्या धक्क्यावर फेरी चुकली,
पुढचीला तासभर.
कृपाने डबा उघडला, बिस्किटं मोजली,
एक विशाखाला दिलं.
मला नाही दिलं.
चालेल.

बाहुली अजून वाळूतच आहे.
कडी ती अजून रात्री तपासते.
हल्ली मीही उठतो, बॅटरी धरतो,
ती कडी ओढून बघते, मी ओढून बघतो.
"आहे?"
"आहे."
मग कोण आधी झोपतं
ते मला माहीत नाही.