निम्मं तेल

शुवैखच्या गॅरेजात गुलरेज डिपस्टिक टिश्यूवर पुसतो,
आधी स्वतःच्या नाकाशी नेतो, मग माझ्या.
तळाला लागलेल्या दुधाचा वास.
रंग डांबरी म्हणावा, तर कडेला थोडा तांबूस.

किती चाललीय?
दोन लाख ऐंशी हजार. त्यात साल्मियाची शाळा,
फरवानियाचं हॉस्पिटल, आणि एकदा
सौदीच्या सीमेपर्यंत, उगाच.

फळीवर तीन डबे. मी पुस्तिका आणलीय.
हेरंबनं हेच पान दुमडून ठेवलं होतं,
साठ हजाराला बदलायचं म्हणून. राहिलं.

कंपनीचंच घाल, मी म्हणते,
आणि जुनं सगळं उपसून काढ एकदाचं.

सगळं नको, भाभी. निम्मं.
झिजलेल्या प्लेटांचा गाळ आहे त्यात,
त्याच्याच जोरावर धरून आहेत एकमेकींना.
धुऊन काढलं तर रिव्हर्सच घेणार नाही.

बोल्ट सुटतो. चार लिटर काळं तसराळ्यात,
वरून चार लिटर लालभडक,
कोकम सरबतासारखं.

हजार किलोमीटरनी परत या, म्हणतो.

झालं का? हेरंब फोनवर.
निम्मं.

पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकला.
गाडीनं जरा विचार केला,
मग घेतला.