त्रुटी आणि कारणे

पाइप चार इंची, गुणाजी मामांनी
संडासाच्या जुन्या कामातून राखून ठेवलेला.
खाली भोकं पाडली तापल्या खिळ्यानं,
म्हणजे पाणी आत येईल, लाट येणार नाही.
आत थर्माकोलचा तुकडा तरंगता,
त्याच्या डोक्यात सायकलचा आरा उभा,
नि मिसबाहच्या बहिणीचं लाल नेलपॉलिश
सेंटिमीटर सेंटिमीटर वर चढलेलं.

माहुलच्या जेट्टीला सुतळीनं आवळला.
मग पहिलं भांडण: शून्य कुठे धरायचं?
दर्पण म्हणाला, तळाला.
तळ चिखलाचा, रोज वेगळा.
मोतीराम वैती जाळं निवडत होते,
मान वर न करता म्हणाले,
पाण्याला कसलं शून्य? होडी टेकली की सुकती.
घोणे बाई गप्प. त्यांची ही सवय,
उत्तर माहीत असलं की चष्मा पुसायच्या.
शेवटी तिसऱ्या पायरीवर खिळ्यानं रेघ.
हे आमचं शून्य,
जगात दुसरीकडे कुठे चालायचं नाही.

मोबाइल शाळेत बंद, म्हणून पीटीचं स्टॉपवॉच,
सातच्या घंटेला दाबायचं
आणि गळ्यात घालून जेट्टीपर्यंत पळायचं.
दर दहा मिनिटांनी एक आकडा,
नाकात रिफायनरी,
आरा वर, वर, थांबल्यासारखा, मग खाली.
भरती शाळेच्या वेळात बसली
असे महिन्यात दिवस मिळाले अकरा.
आलेखाच्या कागदावर अकरा टेकड्या.

आणि प्रत्येक टेकडीचं टोक
बंदराच्या छापील तक्त्याच्या नऊ मिनिटं आधी.
कधी आठ, कधी दहा. पण आधीच.

दर्पण म्हणाला, आपण खाडीत आत आहोत ना, म्हणून.
सगळ्यांना पटलं. मला भूक लागली होती, मलाही पटलं.
मिसबाह तेवढी पेन्सिल चावत बसली.
आत आहोत, तर पाणी उशिरा पोचेल.
हे लवकर कसं?

मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी:
समुद्र लवकर येत नसेल
तर आपले सात उशिरा वाजत असतील.

बाई केव्हाच्या चष्मा पुसत होत्या.

हॉलमधलं घड्याळ. बाकावर स्टूल, स्टुलावर दर्पण.
बाईंच्या फोनशी ताडून पाहिलं:
अकरा मिनिटं मागे.
नऊ लवकर दिसतं, दोन उरतात,
ती दोन खाडीचीच, दर्पण वरून ओरडला,
आणि काटे फिरवायला हात घातला.
खालून गुणाजी मामा म्हणाले,
राहू दे रे.

सातला गेट बंद, हा वरचा हुकूम.
वसाहतीतली पोरं लिफ्ट बंद म्हणून
टँकरचे हंडे जिन्यानं चढवून येतात.
सात पाच होतात त्यांना, कधी सात दहा.
हुकूम मोडला नाही मी कधी, मामा म्हणाले.
सातलाच लावतो गेट.
फक्त सात कधी वाजायचे, ते माझ्याकडे आहे.

मिसबाह सातव्या मजल्यावर राहते.
ती बुटांची नाडी बांधायला वाकली,
बांधलेलीच होती.

दर्पण स्टुलावरून उतरला.

प्रयोगवहीत शेवटच्या पानावर तिचं अक्षर,
जरा दाबून काढलेलं:
त्रुटी: घड्याळ अकरा मिनिटे मागे.
दुरुस्ती: सर्व वेळांत अधिक अकरा.
घड्याळास हात लावलेला नाही.