ओळीतलं शेवटचं अक्षर

तक्त्यावर पाच ओळी होत्या,
एकेका ओळीच्या टोकाला एकेक नाकातलं अक्षर:
ङ ञ ण न म.
ही पाच माझी, जन्मापासूनची.
बाकीची वीस लोकांची.
ङ ला वर्गात कुणी विचारत नव्हतं,
त्यानं सुरू होणारा शब्द बाईंनाही सांगता येईना.
माझ्याकडं तो पडून होता.
कागद म्हणायला गेले की ङ,
गाय म्हणायला गेले की ङ.

पाळण्यात नाव ठेवलं सुकेशनी.
तेव्हा ओठ तेवढा दिसत होता,
आतली टाळू कुणी पाहिलीच नव्हती.
आत्याला काय माहीत,
पुढची तिन्ही अक्षरं नाकावाटे निसटतील
आणि पोरीच्या हाती 'नी' तेवढा उरेल.
घरात मग निनीच झाले.

गाव मात्र सोयीचं मिळालं. मानवत.
शेवटचा त चुकायचा, तरी कंडक्टरला कळायचं.
परभणीचं तिकीट मागायचं म्हटलं की पंचाईत.
मरमणी, म्हणायची मी.
मागच्या सीटवरची पोरं
महिनाभर मरमणी मरमणी करायली होती.

बाया आईला म्हणायच्या, गिराणात वांगं चिरलं असशील.
आई म्हणायची, त्या साली आभाळ भरलेलं होतं,
गिराण दिसलंच नाही इकडं,
अन् वांगं तर मी खात बी नाही.

ओठ आठव्या महिन्यात शिवला, नांदेडला.
टाळू दीड वर्षाला शिवायची होती.
रक्त कमी आहे, पुढच्या महिन्यात या.
छातीत कफ आहे, पुढच्या महिन्यात या.
तो पुढचा महिना आला
तेव्हा मला पाचवं सरत होतं.
तोवर जिभेनं आपल्या चोरवाटा पाडून घेतल्या होत्या.
टाके विरघळले, वाटा राहिल्या.

अकराव्या वर्षी कमरेचं हाड खरवडून हिरडीत भरलं.
त्यातून सुळा उतरला, जरा तिरपा,
पण माझाच.
शाळेत पळताना कंबर दुखायची
आणि कुणाला सांगून पटायचं नाही
की हे तोंडाच्या ऑपरेशनचं दुखणं आहे.

बाबा जिनिंगवर होते.
भुवयांत कापूस घेऊनच घरी यायचे.
बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं,
तळहातावर पुंजका ठेवा, 'पा' म्हणायला लावा,
हवा तोंडातून आली तर उडेल.
रोज जेवणाआधी. भुवईतलाच पुंजका.
पा.
पुंजका जागच्या जागी.
पा.
शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या,
रोज बाप म्हणायला लावायलेत का पोरीला?

एका रात्री उडाला.
उडाला आणि कालवणात पडला.
आई ताट टाकून उठली, हसायली की रडायली कळेना.
बाबा म्हणाले, वाऱ्यानं गेला असंल.
उठून दार लावलं, कडी घातली,
दुसरा पुंजका काढला:
परत म्हण.

आता मी सेतूमध्ये दाखले टाइप करते.
ताक घाईनं प्यायलं तर एखादा थेंब नाकात येतो.
फोटोत ओठावरची रेघ दिसते, आरशात दिसत नाही,
का ते ठाऊक नाही.
लोक विचारतात, ताई, सर्दी झाली का?
मी हो म्हणते. वर्षाचे बारा महिने सर्दी.

परवा नांदेडहून फोन आला.
शिकाऊ डॉक्टर होता, जुन्या ऑपरेशनचे निकाल तपासायलाय.
नाकात अन्न येतं का? दात कसे आहेत?
लग्न झालं का, हे विचारून स्वतःच म्हणाला,
नको, हा रकाना सोडू.
मग वाचून दाखवलं:
अनोळखी माणसाला तुमचं बोलणं कळतं का?
नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही.

बहुतेक वेळा, म्हटलं मी.

हॅलो? ताई, परत सांगता का,
आवाज नीट येत नाही.

मोबाइलवर चारही दांड्या भरलेल्या होत्या.
बाहेर दाखल्यांची रांग, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.
मी उठले, दार लावलं,
कडी घातली.