अठ्ठावीस दिवस

दांडीवर बांगडे विकून झाले की
तीन वाट्यांचे पैसे आई वेगळे बांधते.
निनादचा रिचार्ज.
तिथीवरून भरती सांगणारी बाई,
तिचा महिना आता अठ्ठावीस दिवसांचा.

निनाद मेतर, दुसरं वर्ष बी.कॉम.,
हजेरी एकोणीस टक्के.
रात्रभर लढतो अशा बंदरावर
जिथे मासळीचा वास नाही
आणि मेलेला परत उभा राहतो.

पहाटे रापणीच्या दोराला एक हात कमी.
बाप हाक मारत नाही,
दोर कमरेला आणखी एक वेढा घेतो.

"जेवलस काय रे?"
"थांब गे, एकच डाव."

ती थांबते.
ताटातल्या बांगड्यावरची माशी हाकलते,
आणि कोण कोणाला मारतंय
ते त्याच्या खांद्यावरून
नीट बघायला लागते.