सैल स्क्रू

बाहेर मस्कत, रात्री नऊलाही एकेचाळीसवर.
आत मला बावीस राखायचे आहेत,
आर्द्रतेचा काटा पन्नासवर,
नाहीतर नळ्या बेसूर होतात,
असं खल्फाननं पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
जणू ती त्याची तान्ही लेकरं.

काही नळ्या माझ्या करंगळीएवढ्या,
काही आमच्या देवळातल्या खांबांहून उंच.
मी त्यांच्या पाठीमागे, जाळीच्या आड,
स्क्रू ड्रायव्हर खिशात, बूट काढून ठेवलेले.

रेनिता तुस्कानो आली. वीस-एकवीसची असेल.
रुवीत वाढलेली, मूळची वसईची, पत्रकात लिहिलंय.
बाकावर बसली आणि आधी पावलांनीच
खालच्या पट्ट्या चाचपल्या, न बघता,
वीज गेल्यावर घरातली पायरी शोधावी तशा.

आमचा बाबा दशावतारात पायपेटी वाजवायचा.
त्याचे पाय वारा भरायचे, हात सूर काढायचे.
पहाटेपर्यंत पोटऱ्यांचे दगड,
आणि राक्षस पडेपर्यंत थांबायची सोय नाही.
हिला वारा यंत्र देतं. हिचे पाय मोकळे,
म्हणून पायसुद्धा गातात.
बाबाला हे फोनवर कसं सांगायचं?
त्याला आता एकाच कानानं ऐकू येतं,
आणि तो नेमका दुसऱ्या कानाला फोन लावतो.

मग सगळ्यात जाड नळी बोलली.
बोलली कसली, ऐकूच आली नाही;
आधी दातांना कळली, मग बरगड्यांना,
आणि माझ्या डाव्या हाताशी
डक्टचा एक पत्रा खर्रर्र करून थरथरला.
सैल स्क्रू.
दुपारी तपासला होता, शप्पथ.

पिळायला जावं तर आवाज.
मी तळहात ठेवला पत्र्यावर, दाबून,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
पत्रा गप्प झाला.
ती थांबेना. मी हलेना.
अकरा मिनिटं. खांदा भरून आला,
बावीस अंशांत नाकावरून घाम.
तिनं खालच्या पट्टीवर पाय टाकला की
कानाआधी हाताला कळायचं;
पुढे पुढे तर
टाकणार आहे, हेही कळू लागलं.

शेवटचा सूर तिनं सोडला.
टाळ्या सुरू व्हायच्या आधी
यंत्राचा श्वास तेवढा चालू होता.

ती वाकली, लोकांकडे तोंड करून.
माझा हात अजून पत्र्यावरच.
खल्फाननं टॉर्च मारला, काय झालं म्हणून.

स्क्रू, मी म्हटलं.
उद्या बसवतो.