मधलं पाणी

सुपडूच्या दुकानात अर्धी दाढी झालेली,
आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर.
कुठलातरी बर्फाचा समुद्र.
देवमासे मारणारं मोठं जहाज,
त्याला अडवायला आलेलं एक पिवळं, लहान.
मग धडक. लहानाची कूस फाटते.

चूक कोनी शे, दगा आबा?

गोमाईच्या संगमावर चाळीस वर्षं नाव हाकली
म्हणून समुद्राचा निवाडाही माझ्याकडे.

धुडकू, शहादा डेपोचा रिटायर ड्रायव्हर,
उभ्याउभ्याच सांगतो:
मोठ्या गाडीवाल्याची. कायम.
माझ्या एसटीखाली कोंबडी आली
तरी माझीच होती, इथं तर माणसं.
सुपडू वस्तरा पुसतो:
पन तो आडवा ऊना कसाले?

वकिलीला बसलेला पोऱ्या दुसरा व्हिडिओ काढतो.
यात मोठं जहाज वळताना दिसतं.
पहिल्यात लहान पुढं सरकताना.
दोन्ही खरे आहेत, तो म्हणतो,
कॅमेरा कुठल्या डेकवर होता तेवढं बघा.

ठगूबाई चहाचे ग्लास ठेवते.
पडनात त्यास्ले कोनी काढं?
व्हिडिओ तिथपर्यंत नाही.

मी म्हणतो, नावेला ब्रेक नसतो.
एवढंच म्हणतो,
आणि सगळे माना डोलावतात, निकाल लागल्यासारख्या.

दोन नावा जवळ आल्या
की मधलं पाणी अरुंद होतं, पळू लागतं,
दोघींना आत ओढतं.
शेवटचे दोन हात नाव कुणीच चालवत नसतं.
पण त्या दोन हातांआधी
वीस हात असतात.

रेती उपसणारी बोट रात्री एकनंतर यायची.
दिवा नाही, इंजिन ट्रकचं.
डोह गेला, डोहातली मरळ गेली,
काठावरच्या डांगराच्या वाड्या खालून पोकळ झाल्या.
आम्ही सात डोंग्या ठरवल्या होत्या.
सहा काठालाच राहिल्या,
सकाळी प्रत्येकाकडे कारण होतं, आणि चांगलं होतं.

बोटीवर उखा. माझ्या साडूचा मुलगा.
बॅटरी मारली, त्यानं मला ओळखलं.
इंजिन बंद केलं नाही.

पंचनामा म्हणतो: डोंगी अचानक आडवी आली.
अचानक कसली.
कळण्याची भाकरी उलटावी तशी फिरवली मी तिला,
सावकाश, काठ न मोडता.

कोर्टात नाव विचारलं.
दगा, म्हणालो. साहेब हसले,
मग टाइप करणारा हसला.
धडक कुणी दिली?
त्यानं.
वल्हं तुमच्या हातात होतं?
होतं.
ते मारता आलं असतं का, हे विचारायचं राहिलं.
जेवणाची सुट्टी झाली,
आणि सुट्टीनंतर दुसरी केस.

वीस हात होते तेव्हा उखाला वाटलं, हा हटेल.
मला वाटलं, तो थांबेल.
एवढा एकमेकांवर भरवसा
नात्यातच असतो.

बारकूला डोंगीत मीच बसवलं होतं,
चौदा वर्षांचा, बॅटरी धरायला.
पंचनाम्यात तो 'इतर एक' आहे.
आता दुकानासमोरून जातो तेव्हा
डावा पाय आधी ऐकू येतो, मग तो दिसतो.
उखा सुरतेला असतो. दिवाळीला येतो,
माझ्या पाया पडतो,
खाली वाकलेला असेपर्यंत बारकू उठून गेलेला असतो.

पोऱ्या व्हिडिओ पुन्हा लावतो.
थांबव, म्हणतो मी. मागं घे. अजून. हां, इथं.

लहान जहाजावर पाचसहा माणसं,
एकानं हात वर केलाय.
खूण असेल,
किंवा तोल सावरत असेल.
मधे अजून पाणी आहे, मोजतो मी,
चांगलं वीस हात.

सुपडू म्हणतो, आबा, साबण वाळना.